लेबल झाका, मग चव सांगा

ओकच्या पिंपात मुरलेल्या पांढऱ्या वाइनची चव कशी घ्यायची, यावर आम्ही लिहितोय हे कळल्यावर दोन साथींनी आधीच फोन करून विचारलं, "वस्त्यांमध्ये दारूने घरं बसताहेत आणि तुम्हाला वाइन सुचते?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो.

आम्ही पंचशील मानणारी माणसं आहोत. पाचवं शील काय सांगतं हे इथल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही, आणि बावीस प्रतिज्ञांमध्येही दारूबद्दलची प्रतिज्ञा आहे. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी बायकांना घराबाहेर काढताना आमच्या चपला झिजल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं शहाणपण आपल्याला ऐकवलं गेलं. पिंपात मुरलेल्या शार्डनेमध्ये साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. ती दारूच आहे. गावठीला 'व्यसन' म्हणायचं आणि उंच काचेतल्या दारूला 'जीवनशैली' म्हणायचं, हा दुटप्पीपणा आम्हाला मान्य नाही.

मग लेख कशाला? कारण दारूपासून लांब राहता येतं, पण दारूभोवती मांडलेल्या प्रतिष्ठेच्या बाजारापासून आपल्या पोरांना लांब राहता येत नाही. आज आपली मुलं-मुली हॉटेल मॅनेजमेंटला आहेत, क्रूझवर आहेत, विमान कंपन्यांत आहेत, परदेशी विद्यापीठांत आहेत. तिथे कुठल्या तरी संध्याकाळी एक टेबल असतं, टेबलावर सोनेरी झाक असलेली पांढरी वाइन असते आणि कोणीतरी डोळे मिटून म्हणतं, "बटर... व्हॅनिला... थोडा टोस्ट." सगळे माना डोलावतात. आपल्या पोराला यातलं काहीच लागलेलं नसतं. तो समजतो, खोट आपल्या जिभेत आहे.

आमच्या अभ्यासवर्गात येणारी एक मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. प्रॅक्टिकलला तिला ओकमधली आणि स्टीलच्या टाकीतली पांढरी वाइन वेगळी ओळखता आली नाही. शिकवणाऱ्याने वर्गासमोर विचारलं, "घरी कधी चीज-बटर असायचं का? नाही ना? मग हे कसं येणार? हे लहानपणापासूनचं असतं." आडनाव त्याने उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

'हे लहानपणापासूनचं असतं' या वाक्याची आम्हाला चिकित्सा करायची आहे. आणि ती करायला पिंपातल्या पांढऱ्या वाइनइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक तथाकथित खानदानी चवीचा बाप कोण, हे बोट ठेवून दाखवता येतं.

सुरुवात द्राक्षापासूनच करू. वाइनच्या दुनियेत काही द्राक्षांना 'नोबल' म्हणजे कुलीन म्हणतात. शार्डने हे त्यातलं पांढऱ्याचं राजघराणं. तिचं माहेर फ्रान्सचा बर्गंडी प्रांत. तिथे जमिनीची प्रतवारी आहे: सर्वांत वर ग्रां क्रू, मग प्रेमिए क्रू, मग गावाच्या नावाची वाइन आणि तळाला साधी प्रादेशिक. मोजून चार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला हसू आवरलं नाही. अर्थात ही उतरंड जमिनीच्या तुकड्यांची आहे, माणसांची नाही, आणि उतार, ऊन, माती यांनी द्राक्षात फरक पडतो हे खरं आहे. नुसतं साम्य दिसलं म्हणून आम्ही आरोळी ठोकणार नाही.

पण कुळीचं पुढे काय झालं ते ऐका. १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी द्राक्षांची डीएनए तपासणी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. शार्डनेचे आईबाप सापडले. एक पिनो, म्हणजे बर्गंडीचं मानाचं द्राक्ष. दुसरं ग्वे ब्लाँ. हे ग्वे म्हणजे शेतकऱ्यांचं, भरपूर पिकणारं, हलकं समजलेलं द्राक्ष. फ्रान्समध्ये त्याच्या लागवडीवर वेळोवेळी बंदी घातली गेली होती. जमीनदारांच्या मळ्यातलं पिनो आणि कुळांच्या वावरातलं ग्वे शेजारी-शेजारी वाढलं, निसर्गाने सरमिसळ केली आणि त्यातून शार्डने जन्मली. ज्याला शेकडो वर्षं 'कुलीन' म्हणून मिरवलं, ते संकराचं लेकरू निघालं. रक्तशुद्धीवाल्यांनी यावर काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आता पिंप. ओकचं पिंप हे मुळात वाहतुकीचं भांडं. युरोपातल्या केल्टिक जमाती ते वापरत होत्या, रोमन लोकांनी मातीचे रांजण मागे टाकून ते उचललं, कारण गडगडवत नेता येतं आणि फुटत नाही. चवीसाठी कोणी ते निवडलं नव्हतं. वाइन आत राहिली, लाकडाची चव उतरली, आणि पुढच्या काळात तीच चव श्रीमंतीची खूण झाली. फ्रान्समधल्या त्रोंसे नावाच्या जंगलाच्या ओकला आज मोठा भाव आहे. ते जंगल सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या कोल्बेर या मंत्र्याने राखून वाढवलं, युद्धनौकांच्या लाकडासाठी. नौका लोखंडाच्या झाल्या आणि जंगल वाइनवाल्यांच्या कामी आलं.

पिंप बनवणं हे कष्टाचं, कसबाचं काम आहे. फ्रेंच ओक करवतीने कापत नाहीत, रेषेला धरून फोडतात, नाहीतर पिंप गळतं. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसापाण्यात ठेवतात, म्हणजे लाकडातला कडवटपणा धुऊन जातो. मग आगीवर धरून वाकवतात आणि आतून भाजतात, कमी, मध्यम किंवा जास्त. बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं असतं. एक नवं फ्रेंच पिंप हजार युरोच्या घरात जातं, आणि तीन-चार वर्षं वापरलं की त्याची चव संपते, उरतं नुसतं भांडं. बाटलीची किंमत वाढते त्यातला बराच भाग हा आहे.

भाजलेल्या लाकडातून वाइनमध्ये काय उतरतं? लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन, हाच व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू. ओक लॅक्टोन, त्याने खोबऱ्याचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये तो अधिक. युजेनॉल, जे आपल्या लवंगेत असतं. ग्वायाकॉल, म्हणजे धूर. आणि ते 'बटर'? ते लाकडातून येतच नाही. द्राक्षातलं मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात असतं, ते जिवाणू खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे ताका-दह्यातलं आम्ल. या कामात डायअॅसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो. लोण्याला लोण्याचा वास त्यानेच येतो. पावाचा, पिठाचा वास येतो तो मेलेल्या यीस्टच्या गाळातून. पांढरी वाइन त्या गाळासकट पिंपात ठेवतात, अधूनमधून काठीने ढवळतात, त्याने तिला अंगही येतं. एक गंमत अशी की जी वाइन पिंपातच आंबवली जाते तिच्यात लाकूड कमी जाणवतं, आणि जी आंबवून झाल्यावर पिंपात ओतली जाते तिच्यात जास्त, कारण आंबवणारं यीस्ट लाकडातून उतरलेल्या काही वासांना बदलून टाकतं.

म्हणजे डोळे मिटून 'बटर, व्हॅनिला, टोस्ट' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात म्हणतोय: जिवाणू, भाजलेलं लाकूड, यीस्टचा गाळ.

त्या मुलीसाठी आम्ही एक वर्ग घेतला. वाइनचा एक थेंब न आणता. बाजारात यासाठी फ्रेंच पेट्या मिळतात, ५४ वासांच्या छोट्या बाटल्या, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही किराणा दुकानात गेलो. लवंग, व्हॅनिला इसेन्स, सुकं खोबरं भाजून, बदाम भाजून, लोणी, ताक, हिरवं सफरचंद, लिंबाची साल, करपलेला पाव, चुलीतलं विझलेलं लाकूड. स्टीलच्या वाट्या, वर कागद, कागदाला भोकं. डोळे बांधून ओळखायचं. पहिल्या दिवशी ती दहापैकी चार ओळखू शकली. आम्ही तिच्याहून वाईट. तिची आजी सहज म्हणून बसली होती, तिने नऊ सांगितले. चुकली फक्त व्हॅनिलाला, कारण तो वास तिच्या घरात कधी आलाच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तोही ओळखला. जन्मभर चुलीपुढे आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात काढलेल्या त्या बाईच्या नाकाला कोणी कधी 'प्रशिक्षित' म्हटलं नव्हतं.

त्या शिकवणाऱ्याचं वाक्य इथेच निकालात निघतं. चव लहानपणापासूनची असते, हे अर्धं खरं आहे. ज्याच्या घरी जे शिजलं ते त्याला ओळखू येतं, इतकंच. मग प्रश्न उरतो तो हा की कोणाच्या घरी शिजलेल्याला परीक्षेच्या कागदावर जागा मिळाली. बोंबील भाजल्याचा वास आला म्हणून भाड्याचं घर नाकारणारे लोक याच राज्यात आहेत, आणि त्यातलेच काही जण बुरशीच्या चीजला 'कॉम्प्लेक्स' म्हणतात.

ज्यांना कामासाठी चव घ्यावीच लागते त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगतो. पिंपातली पांढरी वाइन फ्रीजमधून काढून लगेच नाकाला लावू नका, थंडीत वास मरतो. १० ते १३ अंश सेल्सिअस पुरे. ग्लास देठाला धरा, हाताच्या उबेने वाइन तापू नये म्हणून. यात शिष्टाचाराचा काही संबंध नाही. रंग बघा: स्टीलच्या टाकीतली बहुधा फिकट, पिंपातली सोन्याकडे झुकलेली. तपकिरी दिसली तर हवा लागून बिघडल्याची शंका घ्या. आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास फिरवून. वासाची तीन घरं लक्षात ठेवा: द्राक्षाचं घर (सफरचंद, पेअर, लिंबू, पीच), जिवाणू-यीस्टचं घर (लोणी, ताक, पाव) आणि लाकडाचं घर (लवंग, खोबरं, व्हॅनिला, धूर). तोंडात घेतल्यावर आंबटपणा बघा, हिरव्या सफरचंदासारखा बोचरा की ताकासारखा मऊ. अंग बघा, पाण्यासारखं की सायीच्या दुधासारखं. मग थुंका, आणि चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं, बाकी सगळा कारभार घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं, ते यावरून समजावं.

आणि चांगली कुठली? आमचा निकष आपल्या स्वयंपाकघरातला आहे. नुसती फोडणीच लागत असेल आणि भाजी सापडत नसेल, तर स्वयंपाक फसला. लाकूड द्राक्षावर चढून बसलं असेल तर ती वाइन वाईट, मग पिंप हजार युरोचं का असेना.

थुंकण्यावरून आठवलं. व्यावसायिक चाखणारे घोट गिळत नाहीत, थुंकदाणीत टाकतात, आणि त्या थुंकदाण्या कधीकधी चांदीच्या असतात. थुंकीसाठी ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं बांधलं गेलं, त्यांच्या लेकरांनी ते दृश्य एकदा नीट पाहून ठेवावं. पाचवं शील पाळणाऱ्यांना मात्र तोंडाची पायरी वगळूनही बरंच काही शिकता येतं. वासावर तर बंदी नाही.

आता लेबलाकडे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाइन विक्रेत्याने एक चाचणी ठेवली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच, सगळे त्या क्षेत्रातले मान्यवर. आधी पांढऱ्या वाइन: दहा शार्डने, त्यातल्या चार बर्गंडीच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. नावं झाकलेली. त्या काळी कॅलिफोर्नियाची वाइन फ्रान्समध्ये कोणी मोजत नव्हतं. 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर हा एकच पत्रकार तिथे हजर होता, आणि त्याच्याकडे क्रम लिहिलेला कागद होता. त्याने लिहून ठेवलं की कॅलिफोर्नियाची शार्डने चाखून एक परीक्षक आनंदाने उद्गारला, आता कुठे फ्रान्समध्ये परत आलो. दुसऱ्याने एक वाइन हुंगून सांगितलं की ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही. ती बर्गंडीची ग्रां क्रू बातार-मोंत्राशे होती.

निकाल लागला. पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना, १९७३ सालची, ओकमध्ये मुरलेली. पहिल्या चारांत तीन कॅलिफोर्नियाच्या. ती ग्रां क्रू सातव्या क्रमांकावर. एका परीक्षक बाईंनी स्वतःची गुणपत्रिका परत मागितली. पहिली आलेली वाइन बनवणारा माणूस माइक गर्गिच, क्रोएशियातल्या देस्ने या खेड्यातला, अकरा भावंडांतला एक. १९५४ मध्ये देश सोडला, जर्मनी, कॅनडा करत १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला, आणि दुसऱ्यांच्या वायनरीत वर्षानुवर्षं राबला.  २०२३ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारला.

तपासणीच्या वेळी उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकण्यासाठी आपण भांडतो. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत गुण का घसरतात, असं आपण विचारतो, तेव्हा 'गुणवत्तेवर संशय घेता' असं उत्तर मिळतं. गुणवत्तेवर आमचा संशय नाही. लेबल वाचून गुण देणाऱ्यावर आहे.

काही साथी इथे उडी मारतील: म्हणजे हे सगळं थोतांडच! त्यांच्या हाती आणखी एक कोलीत आम्हीच देतो. २००१ मध्ये बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली गेली, आणि तीच वाइन वास नसलेला तांबडा रंग घालूनही दिली गेली. तांबडी दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन त्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं. तरीही आम्ही थोतांड म्हणणार नाही. त्या प्रयोगातून एवढंच सिद्ध होतं की माणसाच्या नाकावर त्याच्या अपेक्षेचा ताबा असतो. कसब नसतं हे सिद्ध होत नाही. डोळे बांधून द्राक्ष, देश, साल सांगणारे लोक आहेत, आणि ते कष्टाने तिथे पोहोचलेले आहेत. ज्ञानाला थोतांड म्हणून मोडीत काढणं सोपं असतं, विशेषतः ते आपल्याला नाकारलं गेलेलं असेल तेव्हा. त्यात नुकसान आपलंच होतं.

समाजशास्त्र शिकलेल्यांना पिअर बोर्द्यू आठवला असेल. टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा, खेड्यातून आलेला. १९७९ मध्ये त्याने आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवलं की अभिरुची ही वर्गाची खूण असते, आणि वरचा वर्ग ती खूण सतत हलवत ठेवतो. शार्डनेचं पुढे काय झालं हे त्याचं धडधडीत उदाहरण आहे. ऐंशीच्या दशकात ओक-लोण्याची भरपूर चव असलेली शार्डने स्वस्तात मिळू लागली, कारकून-सेल्सगर्लपर्यंत पोहोचली आणि तिला ती आवडली. लगेच नव्वदच्या दशकात जाणकारांनी नाकं मुरडली. 'शार्डने सोडून काहीही' अशी घोषणाच निघाली. ब्रिटनमध्ये कामगार घरांतल्या मुलींची नावं शार्डने ठेवली जाऊ लागली, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या 'फुटबॉलर्स वाइव्ह्ज' या मालिकेत एका पात्राला तेच नाव दिलं गेलं, हसण्यासाठी. मग 'ओक नको, खनिजाची चव हवी' ही नवी अभिरुची आली. युरोपीय संघाने २००६ मध्ये वाइनमध्ये ओकचे तुकडे टाकायला परवानगी दिली, तेव्हाही परंपरेच्या नावाने गळे काढले गेले. चहाच्या पुडीसारखे लाकडाचे तुकडे टाकीत सोडले की व्हॅनिलिन उतरतं, ते पिंपातल्या व्हॅनिलिनहून वेगळं नसतं. पिंपात थोडी हवा आत-बाहेर होते, त्याने येणारा मऊपणा तुकड्यांनी येत नाही, हा खरा फरक. पण तक्रारीचा सूर तो नव्हता. आता हे कोणालाही परवडेल, हे खरं दुखणं होतं.

तेव्हा कोणी विचारेल की हे शिकणं म्हणजे श्रीनिवासांचं संस्कृतीकरणच नाही का, वरच्यांची नक्कल? नक्कल करणारा उतरंड मान्य करतो आणि एक पायरी वर सरकायला बघतो. आम्ही जे सुचवतोय त्यात पायरीच तपासायची आहे. त्या मुलीने प्रॅक्टिकल पुन्हा दिलं. वहीत तिने लिहिलं, 'लवंग, भाजलेलं खोबरं, ताकाचा आंबटपणा.' परीक्षकाने 'ताक' या शब्दाखाली लाल रेघ मारली. ती भांडली: लॅक्टिक आम्ल आहे, चुकीचं काय आहे? गुण मिळाले. रेघ मात्र वहीत तशीच आहे.

चवीचं बोलणं मजुरीपाशी आणल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. पिंपात मुरलेल्या शेनिन ब्लाँसाठी आज दक्षिण आफ्रिकेचं नाव घेतलं जातं, त्या द्राक्षाची जगातली सर्वांत मोठी लागवड तिथे आहे. केपमध्ये पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ रोजी निघाली, डच कंपनीच्या राज्यात. ती वसाहत आणि तिचे द्राक्षमळे गुलामांच्या श्रमावर वाढले, आणि त्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून पकडून नेलेली माणसंही होती. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण 'डॉप' नावाची पद्धत राहिली: मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायचा. १९६० च्या दशकात कायद्याने बंदी आली, पद्धत त्यानंतरही अनेक दशकं रेंगाळली. गर्भातच दारूचा परिणाम झालेल्या मुलांचं प्रमाण जगात जिथे सर्वाधिक नोंदलं गेलं आहे, त्या भागांत वेस्टर्न केप येतो. मालकाच्या तळघरात फ्रेंच ओक आणि मजुराच्या पत्र्याच्या मगात दिवसातून अनेकदा हलकी वाइन. एकाच मळ्यातली द्राक्षं.

त्याच केपमधून न्त्सिकी बियेला पुढे आल्या. क्वाझुलू-नाताळच्या खेड्यातल्या. वाइन कधी चाखलेली नव्हती. १९९९ मध्ये शिष्यवृत्तीवर स्टेलेनबॉश विद्यापीठात वाइनशास्त्र शिकायला गेल्या, तिथलं शिक्षण आफ्रिकान्स भाषेत, जी त्यांना येत नव्हती. देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वाइनमेकर म्हणून त्या ओळखल्या जातात. पुढे स्वतःची कंपनी काढली, तिला नाव दिलं आजीचं: अस्लिना. त्यांच्या वाइनमध्ये शार्डनेही आहे. आणि झिम्बाब्वेतून पोट भरायला दक्षिण आफ्रिकेत आलेले चार जण, ज्यांच्यातल्या कोणी बागकामापासून तर कोणी भांडी घासण्यापासून सुरुवात केली होती, २०१७ मध्ये देशाचा संघ म्हणून थेट बर्गंडीत, डोळे झाकून चाखण्याच्या जागतिक स्पर्धेत उतरले. सहा पांढऱ्या, सहा तांबड्या. शेवटून दुसरे आले. पुढच्या वर्षी परत गेले आणि चौदावे आले. 'ब्लाइंड अँबिशन' हा माहितीपट त्यांच्यावर आहे, मिळाला तर अभ्यासवर्गात दाखवा. शेवटून दुसरं येऊन पुढच्या वर्षी परत जायची धमक आम्हाला पहिल्या क्रमांकाहून मोठी वाटते.

आपल्याकडे २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वायनरी वाढल्या, आणि काही जण शेनिन, शार्डने ओकमध्ये मुरवतात. त्यांच्या चाखण्याच्या खोल्यांत शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग, विरळणी, काढणी, ही द्राक्षपट्ट्यातली कामं करायला पेठ, सुरगाणा भागातली आदिवासी कुटुंबं उतरतात. काढणीला उजाडायच्या आत मळ्यात जावं लागतं, कारण पांढऱ्या वाइनची द्राक्षं थंड असतानाच कारखान्यात पोहोचायला हवीत, ऊन लागलं की वास उडतो. त्या ग्लासातला नाजूक पीचचा वास कोणाच्या तरी पहाटेच्या झोपेतून आलेला आहे. या मजुरांचे मुक्काम कुठे असतात, मुलांच्या शाळेचं काय होतं, बायकांची हजेरी कोणाच्या नावावर लागते, हे नाशिकच्या साथींनी हंगामात जाऊन नोंदवावं. येत्या जानेवारीत आम्ही जाणार आहोत, ज्यांना यायचं त्यांनी कळवावं.

ओकमध्ये मुरवलेल्या पांढऱ्या वाइनच्या बाटलीचं मागचं लेबल कधी निरखून बघा. ओक फ्रेंच की अमेरिकन ते लिहिलेलं असतं. पिंपात किती महिने ठेवली ते असतं. कशासोबत प्यावी तेही असतं. पेठ किंवा सुरगाण्याचं नाव आम्ही अजून एकाही बाटलीवर वाचलेलं नाही.